न केल्याचं फळ

कर्मसिद्धांताला आपल्या शास्त्रकारांनी दोन बाजूंनी कुंपण घातलं आहे. केलेलं कर्म फळ दिल्यावाचून वाया जात नाही, हे एक. न केलेल्या कर्माचं फळ कुणाच्या पदरी पडत नाही, हे दुसरं. हे दुसरं कुंपण मोडण्याच्या आपत्तीला ते 'अकृताभ्यागम' म्हणतात, आणि ज्या मतात ती शिरते ते मत खोटं, यावर शंकराचार्यांपासून जैन तार्किकांपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. जगाचा हिशेब चोख ठेवायचा तर असं काही मानावंच लागतं. माझी अडचण एवढीच की मला पगार मिळतो तो याच आपत्तीची नोंद ठेवण्यासाठी.

मी कारखान्याची डॉक्टर. सकाळी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, संध्याकाळी कोल्हापुरातल्या माझ्या दवाखान्यात. आमच्या विषयाला औद्योगिक आरोग्य म्हणतात, आणि लोक आम्हाला नुसतं 'कंपनीचा डॉक्टर' म्हणतात. त्या म्हणण्यात थोडी कीव असते, थोडा संशय. मुंबईला सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत तीन महिन्यांचा एएफआयएच हा औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम मी केला, तेव्हा वर्गात कोण कोण होतं ते अजून डोळ्यांपुढे आहे. फौजेतून निवृत्त झालेले दोन कर्नल, पीजीची सीट हुकलेली तरुण मुलं, वसाहतीच्या नाक्यावर दवाखाना चालवणारे जनरल प्रॅक्टिशनर, आणि घर सांभाळून ठरावीक वेळेची नोकरी हवी असलेल्या माझ्यासारख्या बायका. 'मोठेपणी मी फौंड्रीचा डॉक्टर होणार' असं लहानपणी आमच्यातलं कुणीही म्हणालं नसणार. आडवाटेनंच माणसं इथे येतात.

काम म्हणाल तर भरतीच्या वेळची तपासणी, वर्षाचं 'मेडिकल', कानांची ऑडिओमेट्री, फुंकर मारायला लावून फुप्फुसाची ताकद मोजणं, एक्स-रे, रजिस्टर, आणि दिवसातून एकदा तरी खात्यांतून पायी फेरी. कुणाचा जीव वाचवल्याचे पेढे इथे येत नाहीत. झालेला आजार बरा केला की लोक डॉक्टरचं नाव घेतात. न झालेला आजार कुणाला दिसतच नाही, तर त्याचं नाव कोण घेणार? फळाची आशा सोडून कर्म करा म्हणणारी गीता आमच्याइतकी नोकरीच्या अटींतच कुणाला मिळाली नसेल.

पण खरा पेच तिथे नाही. ज्या कायद्याखाली माझी बहुतेक नोकरी गेली, त्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं ८९ वं कलम डॉक्टरला सांगायचं की यादीतला व्यवसायजन्य आजार आढळला तर विनाविलंब सरकारला कळवा. म्हणजे जो मला पगार देतो त्याच्याच कारखान्याविरुद्ध मी लिहायचं. औद्योगिक आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९२ मध्ये नीतिसंहिता काढली, तिचा कणा हाच आहे: डॉक्टरचा निर्णय मालक आणि युनियन दोघांपासून स्वतंत्र हवा. संहिता मिलानमध्ये जन्मलेल्या संस्थेची, आणि तिचं पालन करायचं शिरोलीत, एचआरच्या केबिनशेजारी पार्टिशन टाकून केलेल्या खोलीत. तरीही माझ्या अनुभवात डॉक्टरचं तोंड पैशापेक्षा एका विचाराने जास्त वेळा बंद होतं, म्हणून हा लेख त्या विचाराविषयी आहे.

आधी धूळ समजून घ्यावी लागेल. फौंड्रीत ओतकाम झालं की साचे फोडून वाळू झाडतात, त्याला नॉकआउट म्हणतात. मग कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि कडेचा जादा धातू ग्राइंडरने काढायचा, ते फेटलिंग. दुपारी छपराच्या पत्र्यातल्या भोकातून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धूळ नाचताना दिसते. नवखा डॉक्टर त्या धुळीला भितो. पण जी दिसते ती जाड असते. नाकात अडकते, खाकरून थुंकता येते. मारते ती सिलिकाची काही मायक्रॉनची धूळ, आणि ती साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. फुप्फुसाच्या अगदी तळाशी असलेल्या पेशी तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या स्वतः मरतात आणि जागोजाग गाठी धरतात. नोकरी सुटली तरी हे आतलं काम चालू राहू शकतं. सिलिकोसिसवर औषध नाही. वर क्षयाला दार उघडं होतं ते वेगळंच.

यातली काळाची गोष्ट मला नेहमी मीमांसकांकडे घेऊन जाते. यज्ञ आज केला, स्वर्ग मेल्यावर मिळणार. मग मधल्या काळात ते कर्म असतं कुठे? या प्रश्नासाठी त्यांनी 'अपूर्व' नावाची एक न दिसणारी शक्ती मानली. माझ्याकडेही हाच प्रश्न आहे. धूळ पंचविशीत गेली, दम पन्नाशीत लागला. मधली वर्षं ते कारण कुठे होतं? मला शक्ती मानावी लागत नाही, एक्स-रे काढता येतो. फरक दुसराच आहे. मीमांसकांच्या हिशेबात यज्ञ करणारा आणि स्वर्गात जाणारा एकच. माझ्या हिशेबात धूळ उडू देण्याचा निर्णय एकाचा, आणि फुप्फुस दुसऱ्याचं.

एक फेटलर माझ्याकडे आले होते. वय पन्नाशीच्या पुढचं, मी त्यांना मामा म्हणायची. हातात कॅरीबॅग, तिच्यात क्षयाच्या औषधांचे जुने कागद. कोर्स पुरा करूनही खोकला हटला नव्हता. मी एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गोल ठिपके दाटले होते, आणि मध्यावरच्या गाठींना कडेकडेने चुना धरलेला.

"मामा, किती वर्षं झाली फौंड्रीत?"

"लगीन व्हायच्या आधीपासनं. पयला नॉकआउटला हुतो, मग फेटलिंगला."

"मग हा नुसता टीबी नाही. हे धुळीनं झालंय."

ते थोडा वेळ एक्स-रेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असंल मॅडम. पर धूळ समद्यांनीच खाल्ली. त्यो शिंगणापूरचा माझ्या शेजारीच हुता, त्याला काय बी नाही. मग मलाच का? म्हंजे माझंच काय तरी असणार मागचं."

या प्रश्नापुढे मी आजही थांबते. धुळीचा डोस, वाऱ्याची दिशा, कोण कुठे उभा राहिला, कुणाची प्रकृती कशी, एवढं सांगता येतं. उरलेल्या भागाला माझं शास्त्र योगायोग म्हणतं, आणि ज्याचा श्वास अडकलाय त्याला योगायोग म्हणजे काय सांगणार? 'मलाच का' हा प्रश्न माझ्या शास्त्राचा नाहीच. त्याचा प्रश्न असा: इथल्या इतक्यांना का? या खात्यात का, ऑफिसात का नाही? कर्मसिद्धांत पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो, औद्योगिक आरोग्य दुसऱ्याला. दोन्ही प्रश्न खरे आहेत. घोटाळा होतो तो पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा प्रश्न मिटवला जातो तेव्हा.

आणि हे केवळ भाविकच करतात असं समजू नका. एकदा सेफ्टी कमिटीच्या मीटिंगला बसून बघा. अपघाताच्या चौकशी अहवालात 'मूळ कारण' असा रकाना असतो, आणि त्यात ठरलेलं वाक्य पडतं: कामगाराचा निष्काळजीपणा. मास्क लावला नव्हता, गार्ड काढला होता, लक्ष नव्हतं. याला आधुनिक वेदही आहे. हर्बर्ट हाइनरिश नावाच्या, विमा कंपनीत काम करणाऱ्या अमेरिकन गृहस्थाने १९३१ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतीने होतात, १० टक्के असुरक्षित परिस्थितीने, आणि २ टक्के टळण्याजोगे नसतात. आकडे काढले होते विम्याच्या दाव्यांच्या फायलींतून आणि मालकांच्या नोंदींतून. म्हणजे ज्याने अहवाल लिहिला त्याचंच मत टक्केवारी होऊन परत आलं. छातीच्या आजारात हीच जागा बिडी घेते. माणूस बिडी ओढत असला की साहेबांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो: त्याचं त्यानंच केलं की. या सगळ्याला मी सुटाबुटातला कर्मविपाक म्हणते. मागचा जन्म लागत नाही, मागची पाळी पुरते.

शिकागोच्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन १९१० च्या सुमारास इलिनॉय राज्यात शिशाच्या कारखान्यांची पाहणी करत होत्या. तेव्हाचा सर्वमान्य समज असा की कामगारांना शिशाची बाधा होते ती हात न धुता जेवल्यामुळे. हॅमिल्टनबाई खात्या-खात्यांतून फिरल्या, कामगारांच्या घरी गेल्या, आणि दाखवून दिलं की विष हातांवर कमी आणि हवेत जास्त आहे. ते श्वासातून जातं. हात धुणं कामगाराच्या हातात असतं. हवा कुणाच्या हातात असते? १९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना आपली पहिली स्त्री अध्यापक केलं, पण पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही, या अटीवर. आमच्या शाखेतली माणसं तिकडेही आडवाटेनंच आत येत होती.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पाश्चात्त्यांचं. आपल्या विचारात दुखण्याचं मूळ कर्मातच. तसं नाही. संयुत्तनिकायात एक छोटं सुत्त आहे. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मानंच, असं काही जण म्हणतात, आपलं काय मत? बुद्ध उत्तरात आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, शरीराची आबाळ, बाहेरून झालेला आघात. आणि आठवं, कर्म. आठांतलं एक. सगळ्याचं खापर पूर्वकर्मावर फोडणारे स्वतःला कळणाऱ्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टींच्याही पलीकडे धावतात, असं ते स्पष्ट बजावतात.

चरकसंहिता त्याच्याही पुढे जाते. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात पुनर्वसु आत्रेय गंगाकाठी, कांपिल्यनगरीजवळ, शिष्यांसह फिरताहेत. अग्निवेश अगदी माझ्या कामाचा प्रश्न विचारतो: माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, मग एकाच वेळी एकाच आजाराने सगळे कसे मरतात? आत्रेय म्हणतात, कारण काही गोष्टी सगळ्यांच्या सामाईक असतात: वारा, पाणी, भूमी, काळ. ते बिघडले की गावंच्या गावं ओस पडतात. आणि ते बिघडतात कशानं? अधर्मानं. पण कुणाच्या? देशाचे, नगराचे, व्यापारी निगमांचे प्रमुख धर्म सोडतात, मग त्यांच्या हाताखालचे तो अधर्म वाढवतात, आणि शेवटी हवापाणी नासतं. कारण वरून खाली उतरतं आणि भोग खालच्याला. अकृताभ्यागमाची भीती न बाळगता एका वैद्याने हे लिहून ठेवलं आहे. फौंड्रीची हवा ही सामाईक गोष्ट, आणि एक्झॉस्टचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलणारी बैठक निगमप्रमुखांची. मला वेगळं भाष्य लिहायची गरज पडत नाही.

आमच्या शाखेचा आद्यपुरुष बर्नार्दिनो रामाझ्झिनी इटलीतल्या मोदेनाचा. त्याच्या घरचा मैला उपसायला माणूस आला होता. तो इतकी घाई का करतोय म्हणून रामाझ्झिनीने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की इथे जास्त वेळ थांबलं तर डोळे जातात. त्या एका बोलण्यावरून त्याने धंद्या-धंद्यांचे आजार शोधले आणि १७०० साली ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता? तीनशे वर्षांनंतरही बहुतेक केसपेपरवर या प्रश्नाला जागा नसते. तो विचारला की दुखणं रुग्णाच्या एकट्याच्या मालकीचं राहत नाही, म्हणून तो टाळला जात असावा.

माझे वडील आजरा तालुक्यातले, मुंबईत एका मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते. गणपतीला गावी आले की दोन दिवसांत त्यांचा श्वास मोकळा व्हायचा. परत गेल्यावर पहिल्याच पाळीला छाती आवळायची, दोनचार दिवसांत सैल व्हायची. दर आठवड्याला सोमवारी तेच. त्यांचा समज असा की गावची हवा लागली म्हणून मिलची सोसत नाही. सायनच्या वर्गात सरांनी फळ्यावर बिसिनोसिस लिहिलं आणि सांगितलं, कापसाच्या धुळीच्या या आजारात सुट्टीनंतरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट. पुढची ओळ आधीच माहीत असलेली वर्गात मी एकटीच होते.

वडील माळकरी. म्हणायचे, प्रारब्धाचा भोग आहे, भोगल्याशिवाय फिटत नाही. यात अडाणीपणा नव्हता. संचित आणि प्रारब्ध यांचा भेद ते मला टिळकांच्या 'गीतारहस्या'तल्या कर्मविपाकाच्या प्रकरणाइतक्याच नेटकेपणे समजावत. त्या श्रद्धेने त्यांना खूप दिलं. त्यांनी दारूला हात लावला नाही, कुणाचा द्वेष केला नाही, रात्र-रात्र बसून काढतानाही घरावर चिडचिड केली नाही. त्यांच्याकडून ती काढून घेण्याचा मला काय अधिकार? पण हिशेब लिहायचाच तर पूर्ण लिहावा. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या धुळीचा हा आजार होता. वडिलांनी कधी अर्ज केला नाही. त्यांच्या सोसण्याचं पुण्य त्यांच्या खाती जमा झालं असेल-नसेल, पैसे मात्र मिलच्या खाती राहिले.

त्याच काळात घाटकोपरला दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरने हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने केला. डॉ. दत्ता सामंतांचे रुग्ण खडी-खाणीतले मजूर होते. औषध देता देता ते त्यांचे पुढारी झाले, आणि १९८२ च्या जानेवारीत त्यांच्याच नेतृत्वाखाली गिरणगाव संपावर गेलं. त्या संपाने काय मिळालं नि काय गेलं यावर आमच्या घरात एकमत कधीच झालं नाही. मी तो रस्ता धरला नाही. पण रोज तोच खोकला तपासून रोज तेच औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला दवाखान्याबाहेर पडावंसं का वाटतं, हे मला सांगावं लागत नाही.

वडिलांबरोबर पंढरपूरला जायची तेव्हा महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीवर आधी डोकं टेकवायची. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू होतं, ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले. परंपरा साल सांगते १३३८. नामदेवांनी ढिगाऱ्यातली हाडं कानाशी लावली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला आणली. या कथेपुढे मी आजही हात जोडते. पण या धंद्यात पडल्यापासून एक प्रश्न त्या समाधीपाशी मला सोडत नाही: ज्या हाडांतून नाम आलं नाही त्यांचं काय झालं? त्या कुसाखाली आणखी मजूर होते. आणि भिंत का पडली? चोखोबांच्या नावावरच्या अभंगांत आपल्या हीन जन्माचं कारण पूर्वकर्मात शोधलेलंही सापडतं. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र देवाला सरळ जाब विचारतो. एकाच घरात दोन्ही प्रश्न होते. आपण वडिलांचा अभंग लक्षात ठेवला.

मामांच्या बाबतीत मी रिपोर्ट पाठवला आणि ईएसआयचे कागद पुढे केले. मग मालकांकडे गेले. ते दुष्ट नाहीत. शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये त्यांच्या वडिलांनी स्वतः साचे भरून धंदा उभा केला. दसऱ्याला मशिनची पूजा हे अजून कामगारांच्या बरोबरीने उभं राहून करतात, वारीला टेम्पोभर शिधा पाठवतात. मी फेटलिंगला एक्झॉस्ट हूड, नॉकआउटला पाण्याचा फवारा, असं सगळं मांडलं. ते म्हणाले, "बघू की मॅडम. पण एकेकाचं नशीब असतं. बाकीचे ठणठणीत हाईत."

मी विचारलं, "तुमचे वडील कशानं गेले?"

"दम लागायचा. या धुळीनंच की," ते पटकन बोलून गेले.

बापाच्या दुखण्याला कारण असतं, दुसऱ्याच्या बापाच्या दुखण्याला नशीब. हूड त्या वर्षी बसला, तोही अर्ध्याच टेबलांना. बाकीच्या टेबलांसाठी भांडण अजून चालू आहे.

एवढ्या वर्षांत मी एका निष्कर्षावर आले आहे. कर्मसिद्धांत प्रथमपुरुषी चालवावा, तृतीयपुरुषी नाही. 'माझं कर्म' असं म्हणणाऱ्या रुग्णाला त्यातून धीर मिळतो. तो त्याचा हक्क आहे, आणि मी तिथे बोलत नाही. 'माझं कर्म' असं मालक म्हणेल, डॉक्टर म्हणेल, तर त्याहून कठोर नीतिशास्त्र नाही, कारण मग फवारा न बसवणं हेही कर्म, अहवाल न पाठवणं हेही कर्म, आणि ते फळल्यावाचून राहत नाही. पण 'त्याचं कर्म' म्हटलं की विचार तिथेच मरतो आणि धूळ उडत राहते. शास्त्रकार म्हणतात, न केल्याचं फळ कुणाला मिळू नये. मी तो जगाचा नियम मानत नाही, कारण रोज मोडलेला बघते. मी तो कारखान्याचा नियम मानते: पाळायचा, आणि मोडला तर कलम लावून लिहायचा.